टेरी फॉक्सची धाव आणि तिचा हिशेब

१ सप्टेंबर १९८० रोजी कॅनडातल्या थंडर बे शहराबाहेर टेरी फॉक्स धावायचा थांबला. वय २२. कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वर कापलेला. देश धावत ओलांडायचा म्हणून पूर्व किनाऱ्यावरून निघाल्यापासून १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर झाले होते आणि कॅन्सर संशोधनासाठी सुमारे १७ लाख डॉलर जमले होते. पुढच्या पाच महिन्यांत, कॅन्सर परतल्यामुळे तो पुन्हा उपचार घेत असताना, हीच रक्कम २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलरवर गेली.

जिद्दीची गोष्ट म्हणून हे प्रकरण जगभर सांगितलं जातं. त्यात खोटं काही नाही. पण जिद्दी रुग्ण प्रत्येक वॉर्डात असतात, आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या जिद्दीचा दुसऱ्या रुग्णाला प्रत्यक्ष उपयोग होतो. टेरीच्या बाबतीत तो का झाला, याचं उत्तर त्यानं पैशाला घातलेल्या अटींत आहे, आणि गावोगावी आधी झालेल्या किंवा न झालेल्या तयारीत आहे. याच प्रकरणाची दुसरी बाजू मात्र कुणी उचलू नये अशी आहे: धाव सुरू असताना त्यानं तपासण्या टाळल्या. भाषणांत ही बाजू बहुधा गाळली जाते, म्हणून इथं ती सविस्तर घेतली आहे.

आजार

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेगमध्ये झाला. तो वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलममध्ये. सायमन फ्रेझर विद्यापीठात शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकत होता आणि तिथल्या ज्युनिअर बास्केटबॉल संघातून खेळत होता. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याची गाडी पुढच्या पिकअप ट्रकवर आदळली आणि उजव्या गुडघ्याला मार लागला. डिसेंबरमध्ये गुडघा पुन्हा दुखू लागला, पण खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्यानं दुखणं अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये निदान झालं: ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर.

अपघातामुळे हाड कमकुवत झालं आणि त्यातून हा आजार आला, असं टेरीला वाटत असे. डॉक्टरांनी तसा संबंध नसल्याचं सांगितलं होतं. खेळणाऱ्या मुलांच्या घरी हा गोंधळ आजही होतो. हा कॅन्सर किशोरवयात, उंची झपाट्यानं वाढते त्या काळात जास्त आढळतो, आणि तोही बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास: मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला. खेळताना मार लागण्याची जागाही हीच. मार लागतो, एक्स-रे निघतो आणि आधीपासून वाढत असलेली गाठ दिसते. मुका मार असेल तर दोन-तीन आठवड्यांत दुखणं ओसरायला हवं. ते वाढत गेलं, रात्री झोपेतून उठवू लागलं, आराम करूनही थांबेना, सूज हाताला घट्ट लागू लागली, तर हंगाम संपायची वाट बघायची नसते. साधा एक्स-रे पहिल्या भेटीतच काढून घ्यायचा असतो.

९ मार्च १९७७ रोजी गुडघ्याच्या सुमारे १५ सेंटिमीटर वर पाय कापला गेला. तीन आठवड्यांत तो कृत्रिम पायावर चालू लागला. त्यानंतर १६ महिने केमोथेरपी चालली.

पाय काढल्यावर केमो कशासाठी, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. या आजारात निदान होतं तेव्हाच बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसांत, कोणत्याही तपासणीत न दिसण्याइतक्या बारीक, कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या असतात. फक्त पाय कापून थांबत असत त्या काळात पाचांपैकी चौघांना पुढे फुप्फुसांत गाठी होत. केमोनं हे चित्र पालटलं. टेरीला डॉक्टरांनी सांगितलं की जगण्याची शक्यता ५० टक्के आहे. हाच आकडा दोनच वर्षांपूर्वी १५ टक्के होता. या दोन आकड्यांमधलं अंतर संशोधनानं कापलं होतं, आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात ते पक्कं बसलं. पुढच्या मोहिमेतला पैसा रुग्णांच्या सोयींसाठी न मागता फक्त संशोधनासाठी मागायचा, या त्याच्या हट्टाचं मूळ इथं आहे. दुसरं मूळ केमोच्या वॉर्डात. शेजारच्या खाटांवरची मुलं खंगताना आणि मरताना त्यानं पाहिली, आणि आपण त्यांतून उठून घरी जातो याचं ओझं घेऊन तो बाहेर पडला.

आज हाच आजार अशाच वयात झाला तर क्रम उलटा असतो. आधी सुमारे दहा आठवडे केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. सगळं मिळून सात महिन्यांच्या आसपास. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिसप्लाटिन ही तीन औषधं. बहुतेकांचा पाय वाचतो. हाडाचा आजारी तुकडा काढून तिथं धातूचा सांधा बसवतात. आजार पसरलेला नसेल तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ६० ते ७० टक्के आहे.

एक लेख

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री टेरीच्या जुन्या बास्केटबॉल प्रशिक्षकानं त्याला धावपटूंच्या मासिकातला एक लेख आणून दिला. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या डिक ट्रॉम या माणसानं न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण केल्याची ती बातमी होती. वरवर किरकोळ वाटणारी ही घटना रुग्णांना भेटायला जाणाऱ्यांनी नीट बघावी. प्रशिक्षकानं धीराचे शब्द दिले नाहीत. त्याच पातळीवर पाय कापलेल्या माणसानं नेमकं काय केलं, एवढं दाखवलं. 'खंबीर राहा' या वाक्याचं रुग्ण काय करणार? पण माझ्यासारखाच पाय घेऊन कुणीतरी ४२ किलोमीटर गेला, ही माहिती त्याला ठेवून घेता येते आणि गरज पडेल तेव्हा काढता येते.

१९७७ च्या उन्हाळ्यात रिक हॅन्सन या व्हीलचेअरवरच्या खेळाडूनं त्याला व्हीलचेअर बास्केटबॉल संघात बोलावलं. केमो सुरू असतानाच तो खेळू लागला. पुढे या संघातून त्यानं तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. म्हणजे दुसऱ्यांना आधार देणारा टेरी घडला तो आधी दोघा-तिघांनी त्याला योग्य वेळी योग्य गोष्ट दिल्यामुळे.

पाय

त्याचा कृत्रिम पाय स्टील आणि फायबर ग्लासचा होता आणि तो चालण्यासाठी बनवलेला होता. आज धावपटू वापरतात ती कार्बन फायबरची वाकडी पाती तेव्हा नव्हती. धावण्यासाठी पायात जे बदल केले ते जुजबीच. घामानं गंजू नये म्हणून स्टंप, म्हणजे कापून उरलेला मांडीचा भाग, बसतो त्या कपातली, म्हणजे सॉकेटमधली, धातूची झडप स्टेनलेस स्टीलची केली. आणि कमरेला पट्टा बांधून तिथून पायाच्या पुढच्या बाजूला एक लवचीक पट्टी जोडली, ती पाय पुढे खेचत असे.

धावताना तो डाव्या पायावर दोनदा उडी घेई आणि मग उजवा टेकवी. चित्रफितींत दिसणारी ती ओळखीची लंगडी लय लकब म्हणून आलेली नव्हती, ती यंत्राची गरज होती. गुडघ्याच्या वर पाय कापलेला असेल तर कृत्रिम गुडघा पूर्ण सरळ झाल्याशिवाय त्यावर भार टाकता येत नाही. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचं वजन आलं की तो घडी घालतो आणि माणूस तोंडावर पडतो. चालण्याच्या गतीत पोटरीचा भाग झुलून पुढे यायला पुरेसा वेळ असतो, धावताना नसतो. हा वेळ टेरी डाव्या पायावरच्या जादा उडीतून काढत होता. परिणामी डाव्या पायाला दुप्पट आघात बसत होते, आणि पुढे दुखणी निघाली ती त्याच पायात: नडगीच्या पुढच्या भागात कळा, गुडघ्याला सूज, वाटेतल्या सू सेंट मेरी शहराच्या आसपास घोट्याचा स्नायुबंध सुजणं.

उजव्या बाजूचं दुखणं वेगळ्या जातीचं. स्टंप दिवसभर सारख्या मापाचा राहत नाही. काही तास भार पडला की त्यातलं पाणी सरकतं आणि तो बारीक होतो. सॉकेट ढिलं पडतं. ढिलं सॉकेट प्रत्येक पावलाला वरखाली सरकतं, कडेला कातडी घासते, घामानं ती आधीच मऊ झालेली असते. आधी लाली, मग फोड, मग सोललेली जागा. केसांची मुळं दाबली जाऊन आत गाठी, म्हणजे सिस्ट, तयार होतात. टेरीला या सगळ्यातून जावं लागलं. स्टंपमधून रक्त येत असताना तो धावला. काही वेळानं दुखणं बधिर होतं आणि पुढे जाता येतं, अशी त्याची समजूत होती. ती अनुभवानं खरी होती, पण वैद्यकीय सल्ला म्हणून वाईट आहे. स्टंपवरची जखम चिघळली तर आठवडेच्या आठवडे पाय घालता येत नाही. आज कृत्रिम पाय बसवणारे तंत्रज्ञ वेगवेगळ्या जाडीचे मोजे देतात आणि दर काही तासांनी पाय काढून, स्टंप पुसून, सैल वाटल्यास मोजा वाढवायला सांगतात. लाली पाय काढल्यावर अर्ध्या तासात गेली नाही तर त्या दिवसापुरतं थांबायचं.

ऊर्जेचाही हिशेब आहे. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या माणसाला साधं चालायलाही धडधाकट माणसापेक्षा अंदाजे दीडपट शक्ती लागते. रोज मॅरेथॉनएवढं अंतर, तेही अशा पायावर. त्याच्या शरीरात शिल्लक फार थोडी राहत असणार.

पत्र आणि अटी

सराव फेब्रुवारी १९७९ मध्ये सुरू झाला. अंतर थोडं थोडं वाढवत त्यानं वर्षभराहून जास्त काळात ५००० किलोमीटरपेक्षा अधिक धाव मारली. सप्टेंबर १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज इथल्या सुमारे २७ किलोमीटरच्या शर्यतीत तो शेवटचा आला, शेवटून दुसऱ्याच्या दहाएक मिनिटं मागे. घरच्यांना तोवर वाटत होतं की हा एखाद्या मॅरेथॉनची तयारी करतोय. देश ओलांडायचा बेत त्यानं त्यानंतर उघड केला.

१५ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यानं कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहिलं. सोसायटीनं लगेच हो म्हटलं नाही. आधी स्वतः प्रायोजक मिळव, आणि हृदयरोगतज्ज्ञाचं प्रमाणपत्र आण, अशा दोन अटी घातल्या. हा सावधपणा आमच्या मते बरोबरच होता. कुठल्याही संस्थेनं असंच वागावं. तपासणीत त्याच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याचं दिसलं. खेळाडूंमध्ये हे आढळतं. डॉक्टरांनी धोके समजावले आणि हृदयाचा त्रास झाल्याक्षणी थांबेन, असं वचन घेऊन परवानगी दिली. इथं एक फट राहिली, तिच्याकडे पुढे येऊ: प्रमाणपत्र हृदयाचं होतं. वाटेत फुप्फुसांची तपासणी कधी आणि कुणी करायची, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

प्रायोजक मिळाले. फोर्डनं राहण्याजोगी व्हॅन दिली, इम्पीरियल ऑइलनं इंधन, आदिदासनं बूट. मात्र ज्या कंपनीला बदल्यात जाहिरात हवी होती तिला त्यानं नकार दिला. अट घालून आलेली देणगीही घेतली नाही. या धावेतून कुणाचाही, त्याचा स्वतःचाही, फायदा होता कामा नये, हा नियम.

हा नियम आदर्शवादी वाटतो, पण व्यवहारातही तो कामाचा ठरला. रस्त्याकडेला उभा राहून एक डॉलर देणाऱ्याला दोन शंका असतात: यातला किती खरंच पोचणार, आणि मी कुणाची जाहिरात फुकट करतोय का. दोन्ही शंकांचं उत्तर आधीच दिलेलं होतं. शिवाय मागणी एका वाक्यात सांगता येत होती. सुरुवातीचं उद्दिष्ट १० लाख डॉलर होतं, मग १ कोटी, आणि शेवटी प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. लोकसंख्या तेव्हा २ कोटी ४१ लाखांच्या घरात होती. 'एक कोटी जमवायचे आहेत' म्हटलं की ऐकणाऱ्याला आपला वाटा कळत नाही. 'तुझा एक डॉलर' हे कळतं.

रस्त्यावरचा पैसा

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथं त्यानं कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि निघाला. सोबत शाळेपासूनचा मित्र डग अल्वर्ड, व्हॅन चालवायला आणि रांधायला. उद्दिष्ट रोज मॅरेथॉनएवढं, ४२ किलोमीटर. एकूण अंतर सुमारे ८००० किलोमीटर. पहाट व्हायच्या आत निघायचं, ऊन चढायच्या आत बराच भाग उरकायचा, मग विश्रांती, मग उरलेलं. थांबण्यांसह बघितलं तर प्रत्यक्षात सरासरी रोज साडेसदतीस किलोमीटर पडते.

पहिल्या दिवसांत सोसाट्याचा वारा, पाऊस आणि बर्फाचं वादळ. गर्दी तुरळक. आणि मग न्यूफाउंडलंडच्या दुसऱ्या टोकाचं पोर्ट ओ बास्क हे जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव: तिथं १० हजार डॉलरहून जास्त जमले. माणशी एक डॉलर हे प्रमाण या गावात प्रत्यक्ष दिसलं.

मग क्वेबेक. फ्रेंच बोलणारा प्रांत, आणि टेरी व डग दोघांना फ्रेंच येत नव्हतं. स्थानिक माध्यमांत आधी फारशी बातमी नाही, त्यामुळे रस्त्यात हा मुलगा काय करतोय हे लोकांना ठाऊकच नाही. गाड्या अंगावर येत. काही चालकांनी त्याला रस्त्यावरून बाजूला रेटलं. २२ जूनला मॉन्ट्रियल आलं, एकतृतीयांश वाट झाली होती, आणि जमले होते २ लाख डॉलरहून थोडे जास्त. हा धावेचा बहात्तरावा दिवस, १४३ दिवसांचा बरोबर मध्य. निम्मा काळ संपला होता आणि अखेरच्या १७ लाखांतला आठवा हिस्साच हातात होता.

उरलेल्या निम्म्यात १५ लाख आले. धावणारा तोच, पाय तोच, वेगही साधारण तोच. बदलली ती पुढची व्यवस्था. ऑन्टारिओ या पुढच्या प्रांतात कॅन्सर सोसायटीच्या माणसांनी गावागावांत आधी जाऊन महापौर, शाळा, पोलीस, स्थानिक रेडिओ यांच्याशी बोलणी केली. फोर सीझन्स हॉटेल्सचे इसाडोर शार्प यांनी राहण्या-जेवणाची सोय केली, मैलामागे दोन डॉलर कबूल केले आणि जवळपास हजार कंपन्यांना तसंच करायला लावलं. शार्प यांचा स्वतःचा मुलगा कॅन्सरनं गेला होता. १ जुलै, कॅनडा दिनाला ओटावात पोचावं म्हणून सोसायटीनं टेरीला मॉन्ट्रियलमध्ये काही दिवस थांबवून ठेवलं. त्याला ते मुळीच आवडलं नाही, पण निधी जमवण्याच्या दृष्टीनं तो निर्णय योग्य होता. ११ जुलैला टोरोंटोत नेथन फिलिप्स चौकात सुमारे दहा हजार लोक जमले आणि त्या एका दिवसात १ लाख डॉलर आले. म्हणजे मॉन्ट्रियलपर्यंतच्या बहात्तर दिवसांत आले त्याच्या निम्मे.

अशी मोहीम आखणाऱ्यांसाठी यातून कामाचा भाग एवढा. धावणारा गावात पोचायच्या किमान आठवडाभर आधी एक माणूस तिथं जाऊन आलेला हवा. तो स्थानिक भाषेतला हवा. देणगीचे डबे कुणी फिरवायचे, संध्याकाळी पैसे कुणी मोजायचे, दोन सह्या कुणाच्या, दुसऱ्या दिवशी बँकेत कोण भरणार, हे त्यानं नावानिशी ठरवून यावं. हे झालं नाही की गर्दी टाळ्या वाजवते आणि घरी जाते.

सोबत्यांचं काय होतं, हेही बघायला हवं. टेरी आणि डग यांच्यात न्यूफाउंडलंडपासून खटके उडत होते; नोव्हा स्कोशियापर्यंत दोघं एकमेकांशी जेमतेम बोलत होते. दोन माणसं, एक व्हॅन, चोवीस तास, त्यात एक वेदनेनं चिडचिडा आणि दुसरा दिवसभर मैलामैलावर थांबून वाट बघणारा. हे बिनसणारच होतं. टेरीचा सतरा वर्षांचा भाऊ डॅरेल सोबत आला आणि ताण उतरला. तिसरा माणूस सुरुवातीपासून असता तर ते दिवस वाचले असते.

ऑगस्टच्या अखेरीस टेरेस बे इथं हाडाच्याच कॅन्सरनं पाय गमावलेला दहा वर्षांचा एक मुलगा सायकल घेऊन काही मैल त्याच्या मागोमाग आला, आणि नंतर दोघं तळ्यात पोहले. टेरीनं संपूर्ण धावेतला हा आपला सर्वांत मोलाचा दिवस मानला. गर्दीपुढच्या भाषणापेक्षा हे वेगळं काम आहे. इथं पैसा नव्हता, उपदेश नव्हता. टक्कल पडलेला, एक पाय नसलेला मुलगा आपल्यासारख्याच दुसऱ्यासोबत सर्वांसमोर पोहायला उतरला होता. रुग्ण-सोबती म्हणून काम करणाऱ्यांना प्रशिक्षणात हेच शिकवतात: सल्ला कमी, सोबत जास्त, आणि औषधांविषयी मत अजिबात द्यायचं नाही.

तपासण्या

वाटेत चक्कर येणं, स्टंपवर सिस्ट, सुजलेला गुडघा, हे सगळं उघड होतं. २८ जुलैला, बाविसाव्या वाढदिवशीही त्यानं सुट्टी घेतली नाही. डॉक्टरांकडे जाणं तो टाळत राहिला. ऑगस्टच्या शेवटी शेवटी दिवस सुरू व्हायच्या आधीच तो थकलेला असे. १ सप्टेंबरला थंडर बेच्या बाहेर खोकल्याची मोठी उबळ आली, छातीत दुखू लागलं. रस्त्याकडेला लोक उभे होते, म्हणून तो आणखी काही मैल धावला. मग श्वास पुरेना, आणि त्यानं डगला रुग्णालयात न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर त्यानं स्वतः सांगितलं: कॅन्सर परतलाय आणि फुप्फुसांत पसरलाय.

आधी तपासलं असतं तर तो वाचला असता का? असं म्हणता येत नाही. कॅन्सर धावण्यामुळे परतला, असं समजण्यालाही आधार नाही. ऑस्टिओसार्कोमा परततो तो बहुतेक वेळा फुप्फुसांतच, आणि बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. गाठी मोजक्या असताना सापडल्या तर शस्त्रक्रियेनं काढता येतात आणि त्यातले काही रुग्ण पुढे बरेही होतात. थोड्या गाठी असताना सहसा खोकला येत नाही, दुखतही नाही. म्हणून लक्षणांची वाट बघायची नसते, ठरल्या दिवशी छातीचं सीटी स्कॅन किंवा एक्स-रे करायचं असतं. आजची सर्वसाधारण पद्धत अशी: उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, तिसऱ्या वर्षी दर चार महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. टेरीची केमो संपून दोन वर्षं होत आली होती. या हिशेबानं त्या १४३ दिवसांत त्याची छाती किमान एकदा तपासली गेली असती.

बरा झालेला तरुण रुग्ण अशा मोहिमेला निघत असेल, मग ती धाव असो, सायकल असो की डोंगर, तर परवानगीचा कागद एका तज्ज्ञाकडून घेऊन भागत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांकडून छातीच्या पुढच्या तपासणीची तारीख आणि ती कुठल्या गावात होणार हे लिहून घ्यावं. डॉक्सोरुबिसिन मिळालं असेल तर एकूण मात्रा किती झाली हे उपचाराच्या सारांशात असतं. शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर हृदयाला धोका जास्त धरतात, आणि ऑस्टिओसार्कोमाच्या आजच्या नेहमीच्या उपचारात ही मात्रा ४५० पर्यंत जाते. अशांनी निघण्यापूर्वी इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा, आधीच्या इकोशी ताडून बघावा. हृदय आज चांगलं दिसलं म्हणजे दहा वर्षांनी तसंच राहील असं नाही. सिसप्लाटिन मिळालं असेल तर मूत्रपिंडं आणि कानांची तपासणी. उन्हात पाणी कमी पडलं तर अशा मूत्रपिंडांना त्रास लवकर होतो, आणि बारीक आवाज ऐकू न येणाऱ्यानं रहदारीत एकट्यानं धावू नये.

थांबवायचा अधिकार कुणाचा, हे आधीच लेखी ठरवावं. धावणाऱ्याचा स्वतःचा तो नसावा. टेरीनं वचन दिलं होतं आणि पाळणं त्याच्याच हाती होतं. रस्त्यावर लोक टाळ्या वाजवत असताना ते कुणाकडूनही पाळलं जाणार नाही. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, नव्यानं लागलेली धाप, कारण नसताना उतरणारं वजन: यातलं एक जरी दिसलं तरी सोबतच्या माणसानं त्याच दिवशी गाडी रुग्णालयाकडे वळवायची.

थांबल्यानंतर

आठवड्याभरात सीटीव्ही वाहिनीनं देशभर खास कार्यक्रम केला आणि काही तासांत १ कोटी ५ लाख डॉलर जमले. त्यात ब्रिटिश कोलंबिया आणि ऑन्टारिओ सरकारांचे प्रत्येकी १० लाख होते. पैसा हिवाळाभर येत राहिला. १ फेब्रुवारी १९८१ ला माणशी एक डॉलरचं उद्दिष्ट ओलांडलं गेलं. राहिलेलं अंतर दुसऱ्यांनी धावून पूर्ण करण्याचे प्रस्ताव आले, ते त्यानं नाकारले. बरा होऊन ते स्वतःच पूर्ण करायचं होतं. पुन्हा केमो झाली, इंटरफेरॉन हे तेव्हाचं प्रायोगिक औषधही वापरून बघितलं. २८ जून १९८१ रोजी त्याचा मृत्यू झाला.

इसाडोर शार्प यांनी तार करून दरवर्षी त्याच्या नावानं धाव भरवण्याची कल्पना मांडली होती. टेरीनं हो म्हणताना स्वतःच्या अटी घातल्या. स्पर्धा नको. विजेता नको, पदक नको. चाला, धावा, व्हीलचेअरवर या. १३ सप्टेंबर १९८१ ला पहिली 'टेरी फॉक्स रन' झाली. ३ लाख लोक आले आणि ३५ लाख डॉलर जमले.

विजेता नसण्याचा फायदा त्या वेळी कुणाच्या लक्षात आला असेल की नाही, ठाऊक नाही. स्पर्धा म्हटली की धावणारे येतात. ती नसली की केमोनंतर दोनशे मीटर चालू शकणारा रुग्ण, त्याची आजी आणि बाबागाडीतलं बाळही येतं. वेळ नोंदवायची यंत्रणा, बक्षिसं, तक्रार-निवारण यांचा खर्च उरत नाही. शाळांना असा उपक्रम पटांगणावर करता येतो. १९८८ मध्ये टेरी फॉक्स फाउंडेशन कॅन्सर सोसायटीपासून वेगळं झालं, आणि २००७ मध्ये टेरी फॉक्स रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली. आतापर्यंत त्याच्या नावानं ८० कोटी डॉलरहून जास्त निधी उभा राहिला आहे. आई बेटी फॉक्स अनेक वर्षं शाळाशाळांतून बोलत राहिल्या, आणि धावेच्या शर्टावर प्रायोजकाची जाहिरात येऊ द्यायची नाही, हा मुलाचा नियम कुटुंबानं पुढेही सोडला नाही.